चष्म्याच्या घरातल्या गोळ्या

माझ्या वडिलांच्या गोळ्या मी लपवल्या होत्या. त्यांना दिल्या नाहीत आणि दिल्या असं सांगितलं. मी निपाणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आठवीला यकृत शिकवताना फळ्यावर आकृती काढते, उजवा खंड मोठा, डावा लहान, असं पोरांकडून पाठ करून घेते. त्याच बाईनं हे केलं. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण बोलायला लागले की मी स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना दोष देते. माझी जुनी खोड आहे ती.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. बोरगावच्या अलीकडं आमचं गाव, चार एकर जमीन, एके काळी सगळा तंबाखू, आता ऊस. निपाणीच्या बाजूला कॅन्सर म्हटलं की माणसं आधी तोंडाकडं बघतात. अण्णांनी तंबाखू पिकवला, वाळवला, विकला, पण जिभेवर कधी ठेवला नाही. दारूचा तर आमच्या जैनाच्या घरात प्रश्नच नव्हता. त्यामुळं सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ दिसली आणि पुढं बेळगावात ती कॅन्सरची निघाली, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "खात न्हाईत, पीत न्हाईत, मग झालाच कसा?" डॉक्टरांनी सांगितलं होतं की काविळीचा एक विषाणू वर्षानुवर्षं रक्तात गुपचूप बसून होता, त्याचं हे काम. पण हे किती जणांना समजावणार? एका पाहुण्याला तर मी चहा न देताच वाटेला लावलं. खरं म्हणजे तोच प्रश्न मीही मनातल्या मनात विचारत होते, म्हणून इतका राग यायचा.

गाठ एकच होती. उजव्या बाजूला होती. काढता येण्यासारखी होती. या तीन वाक्यांवर आम्ही महिनाभर जगलो. आईचे गुडघे गेलेले, तिला जिना चढवत नाही, म्हणून ती गावाकडंच राहिली. भावंडं मला नाहीत. शाळेतून रजा काढून मी अण्णांबरोबर बेळगावला दवाखान्यात राहायला गेले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या, खुर्ची ओढून नीट बसणाऱ्या. ऑपरेशन करणारे डॉक्टर उभ्या उभ्या बोलून जायचे, या बसल्या, तेव्हाच मला बरं वाटलं. त्यांनी अण्णांना एक तक्ता दाखवला. त्यावर शून्यापासून दहापर्यंत तोंडं काढलेली होती, पहिलं हसणारं, शेवटचं रडणारं.

"अण्णा, बरगडीच्या खाली मोठा छेद असणार," त्या म्हणाल्या. "दुखणार. तुम्ही सोसायचं नाही, आम्हाला आकडा सांगायचा. दुखणं दाबून ठेवलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग छातीत कफ साठतो आणि तिथून सगळं बिघडतं."

अण्णांनी तक्ता लांब धरून बघितला. "ह्यो शेवटचा कशाला एवढा रडतोय?" त्यांनी विचारलं.

"त्याला सोसवत नाही."

"मग आपलं काम न्हाय त्याच्याजवळ," असं म्हणून अण्णांनी तक्ता परत दिला. आम्ही सगळे हसलो. डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते मी शब्दन् शब्द ऐकलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

ऑपरेशन सात तास चाललं. त्या सात तासांबद्दल मी लिहू शकत नाही. बाहेरच्या बाकावर बसून मी णमोकार म्हणत होते आणि मध्येच विसरत होते. लहानपणापासून येणारा मंत्र, पाच ओळींचा, तोही मला धड म्हणता येईना. शेवटी गाठ निघाली, लिव्हरचा उजवीकडचा बराच भाग गेला, उरलेलं वाढतं, असं सांगितलं गेलं. उरलेलं वाढतं हे मी दरवर्षी वर्गात सांगते. त्या दिवशी मला ते खोटं वाटलं.

पहिले तीन दिवस अण्णांच्या पाठीत मणक्याजवळ एक केसासारखी बारीक नळी होती. तिच्यातून थेंब थेंब औषध जायचं आणि कापलेला भाग बधिर राहायचा. तेव्हा सगळं सुरळीत होतं. श्वासाच्या व्यायामाचं एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलेलं होतं, त्यात तीन चेंडू. तोंडात नळी धरून श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात. अण्णा दोन चेंडू चढवायचे. पोटावर उशी दाबून धरायची आणि खोकायचं, हेही ते शिकले. गोकाककडची एक सिस्टर होती, विशीतली, कन्नड बोलणारी. ती दर थोड्या वेळानं यायची आणि विचारायची, "अज्जा, नोवु एष्ट ऐती?" आजोबा, किती दुखतंय? अण्णा म्हणायचे, "एरडु." दोन.

प्रत्येक वेळी दोनच. चौथ्या दिवशी पाठीतली नळी काढली, तरी दोनच. मला शंका आली. सिस्टर गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, खरंच दोन?"

"शून्य म्हटलं तर त्यांना खोटं वाटंल," अण्णा म्हणाले. "तीन म्हटलं तर गोळी वाढीवतील. दोन बरं हाय."

मी हसले. तेव्हाच उठून सिस्टरला बोलवायला हवं होतं. मी हसले आणि त्यांचं पांघरूण सारखं केलं.

का हसले ते सांगते. आमच्या आत्तीचा, म्हणजे अण्णांच्या बहिणीचा, सदलग्याहून रोज फोन यायचा. ती म्हणाली होती, "दुखायच्या गोळ्या लई देऊ नगंस गं. त्या लिव्हर खात्यात. आमच्या शेजारच्याचं तसंच झालंतं. आता अर्धंच उरलंय, ते तर जपा." मी तिला फोनवर झापलं. आत्ती, तुझं तू बघ, इथं डॉक्टर आहेत, असं म्हणाले. फोन ठेवला आणि तिचं वाक्य मात्र माझ्याजवळच राहिलं. अर्धंच उरलंय. काही गोळ्या जास्त झाल्या तर लिव्हरला बाधतात, हे मलाही माहीत होतं. डॉक्टरांनी हे ध्यानात घेऊनच मात्रा कमी ठेवली असेल, रोज रक्त तपासतात ते त्यासाठीच, हेही मला कळायला हवं होतं. पण भ्यालेल्या माणसाला अर्धंच आठवतं. मला अण्णांच्या पोटात उरलेला तो तुकडा सारखा डोळ्यासमोर दिसायचा आणि प्रत्येक गोळी त्याच्यावर जाऊन पडतेय असं वाटायचं.

त्यात अण्णांचा नियम. बारा वर्षांपूर्वी गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चातुर्मासाला आलेल्या महाराजांकडं त्यांनी नियम घेतला होता, दिवस मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही. जेवण नाही, फळ नाही, पाणीसुद्धा नाही. उन्हाळ्यात दिवसभर शेतात राबून आले आणि यायला उशीर झाला, तर तहानेलेले तसेच झोपायचे. आई तेवढी रागानं भांडी आपटायची. ऑपरेशनच्या आधी अर्ज भरताना "काही पथ्य, काही सवय?" असं विचारलं गेलं, तेव्हा कांदा, लसूण, बटाटा चालत नाही एवढंच मी लिहिलं. सूर्यास्ताचं लिहायचं राहिलं. घरात ते इतकं अंगवळणी पडलेलं की सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

पाठीतली नळी काढल्यावर गोळ्या सुरू झाल्या. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी आठ. थंडीचे दिवस, सहा वाजून गेले की अंधार. त्या पहिल्या संध्याकाळी सिस्टर गोळी घेऊन आली तेव्हा अण्णांनी तोंड फिरवलं. "दिवस मावळला," ते मला म्हणाले. "आता न्हाय."

सिस्टरला शेजारच्या खोलीतून हाक आली. मी म्हणाले, "ठेवून जा, मी देते." ती मला टीचर म्हणायची. टीचर देणार म्हणजे देणारच, असं धरून तिनं कागदावर बरोबरची खूण केली आणि गेली. गोळी माझ्या तळहातावर राहिली. अण्णांनी डोळे मिटलेले. मी ती त्यांच्या चष्म्याच्या घरात टाकली आणि घर माझ्या पर्समध्ये ठेवलं. मला वाईट वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. एक गोळी कमी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवस लख्ख होता. नियमाचा काही संबंध नव्हता. सिस्टर गोळी देऊन गेली, मी डबा उघडत होते. मी अण्णांना विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाय."

"मग राहू दे?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. तीही गोळी चष्म्याच्या घरात गेली. मग त्या दिवशीची संध्याकाळची. मग गोळ्यांच्या तिसऱ्या दिवशी सकाळची, दुपारची. पाच झाल्या. दोन नियमाच्या आणि तीन माझ्या. पाठीतली नळी निघाल्यापासून त्यांच्या पोटात औषध गेलं होतं ते एकदाच, दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि कागदावर सगळ्या खुणा बरोबर होत्या.

आता मागं वळून बघते तर सगळं दिसत होतं. अण्णा खोकेनासे झाले होते. खोकला आला की ओठ घट्ट मिटून घशातल्या घशात गिळायचे. चेंडूंचं यंत्र हातात घेऊन नुसतं तोंडाला लावायचे, चेंडू जागचे हलायचे नाहीत. श्वास वरच्या वर, लहान लहान. कुशीवर वळायला सांगितलं की "जरा वेळानं" म्हणायचे. मी म्हणायचे, थकवा आहे. मी सगळ्याला थकवा म्हणत होते.

त्या तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास अण्णांना हुडहुडी भरली. आधी वाटलं पंख्याचा वारा. पांघरूण घातलं तर पलंग हलायला लागला. मी अंगाला हात लावला. अंग चांगलं तापलं होतं. सिस्टरनं बोटाला चिमटा लावला, त्यावर ऑक्सिजनचा आकडा येतो. रोज सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव असायचा. तो अठ्ठ्याऐंशी आला. तिनं चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला. तिथंही अठ्ठ्याऐंशी. तिचा चेहरा बदलला तो मी बघितला.

ऑक्सिजनचा मास्क लावला. डॉक्टरबाई आल्या. पाठ तपासायला म्हणून दोघींनी अण्णांना बसतं करायला उचललं आणि अण्णांच्या तोंडून आवाज आला. तसा आवाज मी माझ्या वडिलांच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता. हातातून उसाचा कोयता सटकून पायात शिरला होता, तेव्हासुद्धा नाही.

"अण्णा, किती?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दोन," अण्णा म्हणाले. डोळ्यातून पाणी कानाकडं ओघळत होतं.

डॉक्टरबाईंनी फाईल उघडली. सगळ्या खुणांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं पाठ करून सिस्टरला हळू आवाजात म्हणाल्या, "सगळी औषधं वेळेवर गेलीत आणि तरी इतकं दुखतंय, वर ताप. आत पित्त गळत असणार. सर्जनना बोलवा. स्कॅनची तयारी ठेवा, कदाचित आज परत आत न्यावं लागेल."

परत आत. ते सात तास परत. माझ्या खांद्याला पर्स होती, तिच्यात चष्म्याचं घर, त्यात पाच गोळ्या. मला सगळं कळलं. त्या ज्या कागदावरून हा निर्णय घेत होत्या, तो कागद मी खोटा केला होता.

"डॉक्टर," मी म्हणाले, "त्यांचा नियम आहे. दिवस मावळल्यावर ते काही घेत नाहीत. संध्याकाळच्या दोन गोळ्या त्यांनी घेतल्या नाहीत."

डॉक्टरबाई वळल्या. "फक्त संध्याकाळच्या? बाकीच्या घेतल्या ना?"

मी मान हलवली. होय म्हणून.

मी हे का केलं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. घाबरले होते, हे आहेच. पण त्याहून वाईट हे की नियम समोर होता, आयता होता, त्याच्यावर ढकलता येत होतं. म्हातारा माणूस, धर्माचं वेड, मुलगी काय करणार. डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल थोडी दयाही आली. तेवढ्यात अण्णांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. मास्कच्या वर नुसते डोळे. परत मिटले.

डॉक्टरबाई बाहेर गेल्या. त्या सिस्टरच्या टेबलाशी उभ्या राहून फोनवर बोलत होत्या, आणि मी त्यांच्या मागं गेले. पर्स उघडली, चष्म्याचं घर काढलं आणि टेबलावर उपडं केलं. पाच गोळ्या, त्यातली एक घरंगळत फाईलखाली गेली.

"पाच आहेत," मी म्हणाले. "तीन मी दिल्या नाहीत. लिव्हरला बाधतील म्हणून मी भ्याले."

डॉक्टरबाईंनी फोन खाली ठेवला. मला वाटलं आता कानाखाली बसते की काय, आणि बसली असती तर बरं झालं असतं. त्यांनी पेनच्या टोकानं गोळ्या एका ओळीत लावल्या. फाईलखालची पण शोधून काढली.

"टीचर तुम्ही," त्या एवढंच म्हणाल्या. मग लगेच, "बरं झालं आत्ता सांगितलंत. आता मला आधी दुखणं उतरवून बघू दे. त्यांचा नियम तोंडाचा आहे ना? शिरेतून चालेल?"

मी पळत अण्णांकडं गेले. खिडकीत अजून ऊन होतं. अण्णा म्हणाले, "तोंडातनं न्हाय न्हवं? मग चालतंय." सलाईनमधून औषध सुरू झालं. छातीचा फोटो काढायचं मशीन खोलीत आणलं, पोटावर सोनोग्राफी फिरवली. डॉक्टरबाई म्हणाल्या, अर्धा तास बघू. दुखणं उतरून श्वास खोल व्हायला लागला तर सगळी गडबड छातीची. नाही झाला तर स्कॅन आणि पुढचं.

तो अर्धा तास मी अण्णांच्या छातीकडं बघत बसले. मिनिटाला चौतीस श्वास होते. मी घड्याळ लावून मोजत होते, दुसरं काही करताच येत नव्हतं. देवाला म्हणाले, यांना मारू नकोस, मला काय करायचं ते कर. मग वाटलं, आमच्या धर्मात असं कुणाला काही मागता येत नाही, ज्याचं त्याचं कर्म ज्याला त्याला. ते आठवून मी आणखीच भ्याले. बत्तीस. एकतीस. मध्येच परत चौतीस. मग अठ्ठावीस.

अण्णांनी हात हलवला. मला वाटलं पाणी हवंय. ते उशी मागत होते. मी पोटावर उशी दिली, त्यांनी दोन्ही हातांनी ती दाबून धरली आणि खोकले. मोठ्यानं, पोटातून. तपकिरी, घट्ट काहीतरी पडलं. परत खोकले. सिस्टरनं चेंडूंचं यंत्र तोंडाला लावलं. पहिला चेंडू थरथरला, अर्ध्यावर गेला, पडला. दुसऱ्या वेळी वर जाऊन टेकला. ती पोरगी कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली, आणि मी भिंतीला टेकून खाली बसले.

उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग मिटून गेला होता आणि त्यात जंतू धरले होते. पित्त गळत नव्हतं. परत आत न्यावं लागलं नाही. पण लगेच सगळं छान झालं असंही नाही. पुढचे तीन दिवस ऑक्सिजन होता, तापाचा आकडा सकाळी खाली आणि संध्याकाळी वर. डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं होतं की लिव्हर कापलेल्या माणसाला छातीचा संसर्ग झेपेलच असं सांगता येत नाही. मी त्या तीन दिवसांत एक घास नीट गिळला नाही. रोज सकाळी रक्ताचा रिपोर्ट यायचा, लिव्हरचे आकडे असलेला. औषध पूर्ण जात होतं आणि ते आकडे रोज थोडे थोडे सुधारत होते. म्हणजे ज्या तुकड्याला मी इतकं जपत होते तो बिचारा आपलं काम करत होता, आणि मी तिकडं फुफ्फुस मारायला निघाले होते.

सूर्यास्ताचा गुंता सोडवला तो त्या सिस्टरनं. तिनं मोबाईलवर बेळगावचा सूर्यास्त बघितला आणि फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं वेळ लिहिली. संध्याकाळची गोळी त्याच्या अर्धा तास आधी, पुढची मात्रा शिरेतून. रोज मिनिट बदललं की ती वेळ खोडून नवी लिहायची. गोळी स्वतः तोंडात घालायची आणि जीभ वर करायला लावायची. माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही. मला ते लागायचं, पण बरोबर होतं.

सोळाव्या दिवशी आम्ही घरी निघालो. नवरा गाडी चालवत होता, मी मागं अण्णांजवळ. रस्त्यातले खड्डे आले की अण्णा उशी पोटाशी धरायचे. संकेश्वर मागं पडल्यावर मी धीर केला.

"अण्णा, त्या दिवशी मी डॉक्टरांना आधी खोटं बोलले. नियमावर घातलं."

"आयकलं मी."

"दुपारच्या गोळ्या मी लपवत होते, ते..."

"म्हायती व्हतं की," अण्णा म्हणाले. "चष्मा हुडकाय लागलो तर घर तुझ्या पिशवीत. हलवलंस की वाजत व्हतं."

"मग मागितल्या का नाहीत? इतकं दुखत होतं तर?"

अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर उसाच्या गाड्या चालल्या होत्या. "तू लई भ्यालतीस," ते म्हणाले. "एक गोळी त्या डबीत टाकलीस की तुझं तोंड जरा उजळायचं. म्हटलं, हिला बरं वाटतंय तर ऱ्हाऊ दे."

मी उरलेला रस्ता रडत होते. नवऱ्यानं गाणी लावली होती ती बंद केली. निपाणीचा फाटा आला तेव्हा अण्णा म्हणाले, "आता गप. तुझ्या आईला दिसंल."

त्या दिवशी मी त्यांच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. महाराजांकडं घेतात तसा नियमच म्हणा. मी विचारीन तेव्हा खरा आकडा सांगायचा, माझ्या तोंडाकडं बघून नाही. अण्णा म्हणाले, बरं. आणि अण्णांनी घेतलेला नियम म्हणजे नियम.

आता मी रोज दिवस मावळायच्या आधी गावाकडं फोन करते. दर तीन महिन्यांनी बेळगावला स्कॅन असतो. दोन स्कॅन चांगले आले. फोनवर "किती?" एवढंच विचारते. शून्य. एक. शून्य. पाऊस असला की दोन, आणि ते दोन खरे दोन असतात. आई मागून म्हणते, बापलेकीचं हे काय नवीनच.

काल मी फोन केला तेव्हा अण्णा मळ्यातून आले होते. आवाज नेहमीसारखाच. तिसरा स्कॅन येत्या सोमवारी आहे.

"किती?"

"चार," अण्णा म्हणाले.

"कुठं?"

"तितंच. उजवीकडं, बरगडीखाली. परवापास्नं हाय."

मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. हातातली खडूची पेटी खाली ठेवली. ते दोन म्हणाले असते तर मी घरी जाऊन जेवले असते, मला झोपही लागली असती. पण हा आकडा मीच मागून घेतला होता.

"गोळी घेतली?" मी विचारलं.

"न्हाय अजून. तुला सांगून घ्यावी म्हटलं."

मी पश्चिमेकडं बघितलं. दिवस मावळायला वीस मिनिटं होती. म्हणाले, "मग आत्ता घ्या. मी फोन ठेवत नाही." तांब्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला, आणि मग त्यांनी गोळी गिळल्याचा घोट मला स्पष्ट ऐकू आला.